एक मशीन, तेरा स्पीकर: मंगल कार्यालयाचं वायरिंग

मंगलाष्टकं चालू आहेत. पुढच्या दोन रांगांतल्या आज्या कानांवर पदर धरून बसल्यात. मागच्या खुर्च्यांवर मात्र पाहुणे एकमेकांना विचारताहेत, "झालं का सावधान? टाकायच्या का अक्षता?" कुणीतरी चुकून टाकतो, त्याचं बघून चाळीस जण टाकतात, आणि शेवटच्या 'सावधान'ला सगळ्यांच्या मुठी रिकाम्या. स्टेजच्या दोन बाजूंना दोन मोठे बॉक्स ठेवले आणि मागे ऐकू येईना म्हणून आवाज वाढवत नेला, की हे होतंच. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं पडतो. हॉलमध्ये भिंतींमुळे तो इतका पडत नाही, पण मागे जे पोचतं ते निम्मं घुमणंच असतं. गोंगाट ऐकू येतो, शब्द लागत नाहीत.

यावर उपाय म्हणजे छोटे छोटे स्पीकर हॉलभर लावायचे आणि प्रत्येकाला हळू बोलायला लावायचं. स्पीकर विकत आणणं सोपं आहे. नवखा माणूस अडकतो ते एवढे सगळे एका ॲम्प्लिफायरला, म्हणजे आपल्या भाषेत मशीनला, जोडायचे कसे इथे.

मीही अडकलो होतो. विशीत होतो, गावच्या सप्ताहात साउंडची जबाबदारी हौसेनं अंगावर घेतली होती. दोन बॉक्स होते, गर्दी वाढली म्हणून आणखी दोन मागून आणले. चारही आठ ओहमचे. लाल वायरी एकत्र पिळल्या, काळ्या एकत्र पिळल्या आणि मशीनच्या चार ओहमच्या टर्मिनलला लावून मोकळा झालो. अर्धा तास मस्त वाजलं. मग ऐन कीर्तनात मशीनमधून वॉर्निश जळाल्याचा वास आला आणि मंडप गप्प झाला. बुवा काही थांबले नाहीत, टाळकऱ्यांनी सूर धरला, पुढचा तासभर कीर्तन माइकाशिवाय झालं. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही, आणि तेच जास्त लागलं.

माझं चुकलं काय, तर मी स्पीकर मोजले, लोड मोजला नाही.

ओहमची भानगड

स्पीकरच्या मागे ४, ८ किंवा १६ ओहम लिहिलेलं असतं. हा त्याचा अडथळा. ओहम जितके कमी तितका तो मशीनकडून जास्त करंट ओढतो. स्पीकर समांतर जोडले, म्हणजे लालला लाल आणि काळ्याला काळी, की अडथळा वाढत नाही, उलट कमी होतो. पाण्याच्या टाकीला दोन नळ काढले की पाणी दुप्पट वाहतं, तसंच. आठ ओहमचे दोन समांतर म्हणजे चार ओहम, चार समांतर म्हणजे दोन. माझ्या मशीनला किमान चार हवे होते, मी दोन दिले.

एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले तर ओहमची बेरीज होते: आठ आणि आठ सोळा. दोन-दोनच्या दोन सिरीज जोड्या करून त्या समांतर लावल्या की चार स्पीकर मिळून पुन्हा आठच ओहम होतात. त्या रात्री हे माहीत असतं तर मशीन वाचलं असतं. पण सिरीजमध्ये एक स्पीकर गेला की त्याच्या जोडीचाही आवाज जातो, आणि कुठला गेला हे शोधत शिडी घेऊन फिरावं लागतं. शिवाय आठ आणि सोळा ओहमचे स्पीकर समांतर मिसळले तर आठवाला दुप्पट वॅट खातो, सोळावाला कुजबुजतो. कर्ण्यांची युनिटं बहुतेक सोळा ओहमची असतात, त्यामुळे बॉक्स आणि कर्णा एकाच जोडीत बांधणाऱ्याच्या वाट्याला हे हमखास येतं.

स्पीकर दोन ते चार असतील आणि मशीन जवळच असेल, तर ओहमनं जोडा, काही बिघडत नाही. त्यापुढे गेलात की नाद सोडा. संख्या वाढली की गणित तर किचकट होतंच, शिवाय वायर मध्ये येते. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचिक वायर दीडशे फूट लांब टाकली, तर जाण्या-येण्याची मिळून तीनशे फूट होते आणि तिचा स्वतःचाच अडथळा सव्वा ओहमच्या आसपास जातो. पलीकडे चार ओहमचा लोड असेल तर जवळजवळ पाव ताकद नुसती वायर गरम करण्यात गेली.

शंभर व्होल्टची लाइन

आपल्याकडे मंदिरात, शाळेत, कार्यालयात जी आहुजाची किंवा तशा बनावटीची पीए मशीन दिसतात, त्यांच्या मागची पट्टी एकदा नीट बघा. कॉम (म्हणजे कॉमन, सगळ्यांचं सामाईक टोक), ४, ८, १६ ओहम आणि त्यांच्या शेजारी ७० व्होल्ट, १०० व्होल्ट अशी टर्मिनलं असतात. शेवटची दोन बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली दिसतात, आणि मोठ्या हॉलसाठी कामाची तीच आहेत.

युक्ती वीज मंडळाचीच आहे. लांबवर वीज न्यायची तर व्होल्टेज चढवून न्यायची आणि घराजवळ डीपीवर उतरवायची. इथेही मशीन शंभर व्होल्टवर आवाज पाठवतं आणि प्रत्येक स्पीकरच्या पोटात किंवा पाठीवर एक छोटा ट्रान्सफॉर्मर तो उतरवून घेतो. त्याला दुकानात लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर किंवा नुसतं एलएमटी म्हणतात. कॉलम स्पीकरमध्ये, म्हणजे एकावर एक स्पीकर बसवलेल्या लांबट पेटीत, तो बहुधा आतच असतो, मागे ५, १०, २० वॅट असे टॅप दिलेले असतात. ज्या टॅपला वायर लावाल तितकेच वॅट तो स्पीकर घेतो. करंट कमी, म्हणून तीच दीडची वायर इथे दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त खात नाही.

सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ओहमचा हिशेबच संपतो. नुसते वॅट मिळवायचे. प्रत्येक स्पीकर ज्या टॅपवर लावलाय त्याची बेरीज मशीनच्या वॅटपेक्षा कमी असली की झालं. मी मशीनच्या ऐंशी टक्क्यांवर थांबतो. २५० वॅटच्या मशीनवर २०० पर्यंत, १६० च्या मशीनवर १२८ पर्यंत.

आता एक खरा हॉल घेऊ

हे मी स्वतः केलेलं काम आहे, आकडे त्याचेच. हॉल नव्वद फूट लांब, पन्नास फूट रुंद, एका टोकाला स्टेज. शेजारी पंगतीचा हॉल. वधूपक्ष आणि वरपक्षाच्या दोन खोल्या. बाहेर गेट. कार्यालय सांभाळणाऱ्या अण्णांची मागणी एकच: "आवाज मोठा नको, सगळीकडे सारखा पाहिजे." गिऱ्हाईक इतकं शहाणं क्वचित भेटतं.

आधी कागदावर नकाशा काढला. मोठ्या हॉलमध्ये दोन्ही लांब भिंतींच्या खांबांवर तीन-तीन कॉलम, प्रत्येक २० वॅटच्या टॅपवर. पंगतीत चार, १० वॅटवर. खोल्यांत एक-एक छोटा, ५ वॅटवर. गेटवर एक कर्णा, त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर लावून १० वॅटवर. बेरीज: १२० अधिक ४० अधिक १० अधिक १०, एकूण १८० वॅट. मशीन २५० चं. वर आणखी २० वॅटची जागा शिल्लक ठेवली, कारण सहा महिन्यांत कुणीतरी "तिकडे पण एक लावा ना" म्हणतंच.

समजा तुमच्याकडे १६० चंच मशीन आहे. मग नवं मशीन घ्यायला धावू नका. वीसचे टॅप दहावर आणा, १८० ची बेरीज १२० वर येते. वॅट निम्मे झाले तरी आवाज तीनच डेसिबल उतरतो, तुम्हाला फरक कळेल, पाहुण्यांना नाही.

कॉलम लावताना

कॉलम उभाच लावायचा. आतले स्पीकर एकावर एक असतात म्हणून आवाज आडवा पसरतो आणि वर-खाली कमी जातो. आडवा टांगला की हे उलटं होतं: अर्धा आवाज छताला आणि जमिनीला, आणि बाजूच्या खुर्च्या कोरड्या. सुंदर दिसतो म्हणून पडद्यावर आडवे बसवलेले कॉलम मी पाहिलेत. खालचं टोक आठ-नऊ फुटांवर ठेवा आणि पुढे थोडा झुकवा, इतका की त्याचं तोंड साधारण पंचवीस फुटांवर बसलेल्या माणसाच्या कानाकडे होईल.

पहिली जोडी स्टेजच्या कडेपासून पाच फूट पुढे. माइक कायम स्पीकरच्या मागे राहिला पाहिजे, नाहीतर शिट्टी वाजणार. दुसरी जोडी तिथून पंचवीस फुटांवर, तिसरी आणखी पंचवीसवर. सगळ्यांची तोंडं मागच्या भिंतीकडे, स्टेजकडे पाठ. समोरासमोरच्या भिंतींवरचे कॉलम एकमेकांकडे तोंड करून लावले की मधल्या खुर्च्यांवर खिचडी होते.

पंचवीस फूट का? ध्वनी एका मिलिसेकंदात एका फुटापेक्षा जरा जास्त जातो, एवढं लक्षात ठेवलं तर पुरतं. वायरमधून आवाज सगळ्या स्पीकरना एकाच क्षणी मिळतो, पण मागे बसलेल्याला जवळचा कॉलम आधी ऐकू येतो आणि पहिल्या जोडीचा आवाज पन्नास फूट जास्त लांबून, म्हणजे पंचेचाळीस मिलिसेकंद उशिरा येतो. एवढा उशीर बोलण्यात कसाबसा खपतो, आणि जवळचा कॉलम मोठा असल्यानं लांबचा त्याच्याखाली दबतो. दीडशे फुटांचा हॉल असेल तर हे चालत नाही. तिथे मागच्या जोड्यांना वेगळं मशीन आणि त्याच्या आधी डिले, म्हणजे आवाज मुद्दाम उशिरा सोडणारं यंत्र, लागतो, तो या लेखातला विषय नाही.

वायर ओढताना

दोन कोअरची दीडची वायर घ्या, एक लाल एक काळी अशी ओळख पटेल अशी. मशीनपासून निघायचं, पहिल्या कॉलमला लूप, तिथून दुसऱ्याला लूप, असं पुढे. सगळे समांतरच असतात, प्रत्येकाला मशीनपासून वेगळी वायर नको. आम्ही तीन लाइन काढल्या: मोठा हॉल एक, पंगत आणि खोल्या एक, गेट एक. प्रत्येकीला मशीनच्या कपाटात डबल पोल स्विच, म्हणजे लाल-काळी दोन्ही तुटतात.

गेटला वेगळा स्विच असण्यामागे कायदा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. बंदिस्त सभागृहात आतल्या आत वापरायला सूट आहे, पण रस्त्याकडे तोंड केलेल्या कर्ण्याला ती लागू नाही. अण्णांनी घड्याळाखाली तो स्विच लावून घेतला आणि त्यावर लाल टेप चिकटवली.

एखाद्या लाइनचा आवाज कमी-जास्त करायचा असेल तर शंभर व्होल्टच्या लाइनसाठी बनवलेला व्हॉल्यूम कंट्रोल मिळतो, त्या लाइनच्या वॅटपेक्षा मोठा बघून घ्या. पंख्याचा रेग्युलेटर लावू नका. हसू नका, मी काढून टाकलाय एक.

स्पीकरच्या वायरीचं केसिंग लाइटच्या वायरींपासून वेगळं ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे माइकची केबल आणि स्पीकरची लाइन एकाच केसिंगमधून नेऊ नका, निदान फूटभर अंतर असू द्या. मशीननं वाढवलेला आवाज माइकच्या वायरीत परत शिरला की हम्म येते, कधी कानाला न कळणारी शिट्टी चढते आणि मशीन उगाच तापतं.

जॉइंट पिळून टेप गुंडाळायची सवय मोडा. स्क्रूचा कनेक्टर वापरा आणि वायर इतकीच सोला की तांबं बाहेर डोकावणार नाही. एक सुटी तार शेजारच्या स्क्रूला टेकली की पूर्ण लाइन शॉर्ट. आणि हो, शंभर व्होल्ट म्हणजे शंभर व्होल्ट. मशीन पूर्ण आवाजात असताना त्या टर्मिनलला हात लावला तर जबर झटका बसतो. काम करताना मशीनची पिन सॉकेटातून बाहेर, नुसता स्विच बंद करून भागत नाही.

चालू करण्याआधी

इथे नवखे मल्टिमीटरनं फसतात. सगळे स्पीकर जोडून झाले की मीटर लावतात, दोन-चार ओहम दिसले की "शॉर्ट आहे" म्हणून घाबरतात. मीटर फक्त तारेचा डीसी रेझिस्टन्स दाखवतो, ट्रान्सफॉर्मरचा खरा अडथळा, म्हणजे इम्पिडन्स, त्याहून कितीतरी जास्त असतो. आमच्या तिन्ही लाइन मिळून हिशेब साडेपंचावन्न ओहमचा होता: शंभराचा वर्ग, भागिले १८०. तो बघायला इम्पिडन्स मीटर लागतो. एखाद्या साउंडवाल्याकडे असेल तर तासभर मागून आणा.

नसेल तर असं करा. स्पीकर जोडायच्या आधी नुसती वायर तपासा. दुसरं टोक मोकळं असताना मीटरनं काहीच दाखवू नये. मग टोकाला लाल-काळी एकत्र धरायला सांगा, आता ओहम-दीड ओहम दिसला पाहिजे. दोन्ही बरोबर आलं म्हणजे वायर मध्ये कुठे तुटलेली नाही आणि चिकटलेलीही नाही. मग एक-एक स्पीकर जोडत जा.

जोडताना प्रत्येकाची पाठ स्वतः वाचा. "सगळे सारखेच आहेत" यावर विश्वास नको. ट्रान्सफॉर्मर नसलेला साधा आठ ओहमचा एक बॉक्स जरी चुकून शंभर व्होल्टच्या लाइनवर गेला, तर तो एकटा साडेबाराशे वॅट मागतो. एक तर त्याची कॉइल जळते, नाहीतर मशीन बसतं. उलटी चूक गरीब असते: ट्रान्सफॉर्मरवाला कॉलम आठ ओहमच्या टर्मिनलवर लावला तर तो नुसता पुटपुटतो.

लाल सगळीकडे शंभरला, काळी सगळीकडे कॉमला. एखाद्या कॉलमची उलटी झाली तरी तो वाजतो, म्हणून चूक लपते. ती पकडायला लागोपाठच्या दोन कॉलमच्या बरोबर मध्ये उभं राहा आणि माइकवर कुणाला तरी एक ते दहा मोजायला लावा. आवाज पोकळ, पातळ, कुठून येतोय तेच कळत नाही असा वाटला तर त्यातला एक उलटा आहे. मशीन बंद करून वायरी पालटा. आवाज भरला की समजा पकडला.

मशीनला तीन पिनी आणि अर्थिंग हवंच. आवाजाचं बटण शून्यावर ठेवून चालू करा, एकच लाइन चढवा, हॉलभर फिरून या, मग दुसरी. बासचं बटण मधल्या खुणेच्या खालीच ठेवा, कारण हे छोटे ट्रान्सफॉर्मर ढोलासारख्या जड आवाजाला गुदमरतात आणि त्यांच्या गुदमरण्याचा भार मशीनवर येतो. शंभर व्होल्टची लाइन बोलण्यासाठी, मंगलाष्टकांसाठी, सनईसाठी. हळदीला डीजे वाजवायचा असेल तर त्यांना स्वतःचं सामान आणू द्या, तुमच्या लाइनला हात लावू देऊ नका.

तासभर चालवल्यावर मशीनच्या डोक्यावर हात ठेवा. कोमट असेल तर ठीक. हात ठेवता येत नसेल तर आधी बघा वर कुणी रुखवताचं सामान ठेवलंय का, हवा कोंडलीय का. तसं नसेल तर बेरीज पुन्हा करा, कुठला तरी टॅप तुम्ही लिहिलाय त्यापेक्षा मोठा आहे.

नकाशा आणि बेरीज मशीनच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, प्रत्येक स्पीकरपुढे त्याचा टॅप लिहून. परवा त्या कार्यालयात एका लग्नाला गेलो होतो, जेवणाआधी सवयीनं कपाट उघडलं. माझ्या '१८०'च्या खाली कुणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलंय: 'पार्किंग, २०. एकूण २००. आता बास.' अक्षर अण्णांचं. पार्किंगमध्ये जाऊन बघून आलो, टॅप खरंच वीसवर होता.